तेर्केनमावशीची लेक काव्यात आली

आमच्या तोकात गावात तुरासान नमदे, म्हणजे लोकरीची जाड अंथरुणं, करायचा. लोकर पिंजायची, गरम पाण्याने भिजवायची, गुंडाळी करून पायांखाली तुडवायची. हे काम मी बावीस वर्षं त्याच्या शेजारी उभं राहून केलं. तुडवता तुडवता तो कवनं जुळवायचा, आणि हिवाळ्यात दर शुक्रवारी दुपारी कारागिरांच्या बैठकीत गुडघ्यावर ताल धरून ती सांगायचा. बायका पडद्यापलीकडे सूत कातत ऐकत.

मदरशात शिकवणारे मुदर्रिस एकदा त्याला म्हणाले, "तुर्कीत कुठे काव्य होतं? फारसीत कर."

"हुजूर, माझी बायको मला शिव्या तुर्कीतच देते. तिला आधी फारसी शिकवा, मग बघू."

त्या वर्षी त्याने गुनेशची कथा लावली होती. वेढा पडलेल्या किल्ल्यातली धीट मुलगी. पाचव्या शुक्रवारी गुनेश बाण लागून मेली. पडद्याआड हुंदके फुटले. तेर्केनमावशी मात्र ताडकन उठून बाहेर आली. मंगोल आले त्या वर्षी तिची एकुलती एक लेक आयकिझ गेली होती.

"पोरीला कशाला मारलंस रे? जिवंत कर तिला."

"मावशी, कथाच तशी आहे."

"कथा तुझ्या डोक्यातली ना? मग डोकं बदल, मुडद्या!"

ती गेली आणि पुढचे दोन शुक्रवार फिरकली नाही. तुरासानचं कामात लक्ष लागेना. एकाच नमद्याला तीनदा पाणी घातलं त्याने. मी म्हटलं, "अरे, चार ओळी बदलल्या तर काय बिघडतं? राहू दे पोरगी जिवंत."

"मग मावशी मला खोटारडा म्हणेल. आयकिझ परत आली नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

शेवटी एके सकाळी तो द्राक्षांच्या काकवीचं मडकं घेऊन मावशीच्या दारात उभा राहिला. मडकं वाहायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मीही गेलो. तो म्हणाला, "मावशी, आयकिझ कशी होती ते सांग."

मावशी बराच वेळ चूल फुंकत राहिली. मग बोलायला लागली ती दुपारपर्यंत थांबलीच नाही. पोरगी डाव्या हाताने चाती फिरवायची. हसताना पुढच्या दातांची फट दिसायची, म्हणून तोंडावर हात धरायची. बोकडाला घाबरायची, पण कोल्ह्याच्या मागे दगड घेऊन धावायची.

पुढच्या शुक्रवारी त्याने कथा पहिल्यापासून सुरू केली. आता हिरव्या ओढणीतली गुनेश डाव्या हाताने धनुष्य ओढत होती आणि तोंडावर हात धरून हसत होती. पडद्यापलीकडून मावशीचा आवाज आला, "ओढणी हिरवी नव्हती. तांबडी होती."

"तांबडी," म्हणत तुरासानने तिथल्या तिथे यमक फिरवलं.

पुन्हा पाचवा शुक्रवार आला, आणि बाण लागायची जागा आली. तुरासानचा हात गुडघ्यावर थबकला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत बसलो.

"गप्प का झालास?" मावशी म्हणाली. "सांग पुढे. माझी पोर कशी लढली, ऐकू दे सगळ्यांना."

त्याने सांगितलं. मावशी रडली, तोही रडला. मावशी त्यानंतर तीन हिवाळे जगली. एकही शुक्रवार तिने चुकवला नाही, आणि एकाही शुक्रवारी त्याच्या चुका काढल्याशिवाय ती घरी गेली नाही.