सुतळीची गाठ

ओढणीवरचा रक्ताचा डाग निघत नाही. ती भिजत टाकून तुमच्याशी बोलायला बसले आहे.

आमची शाळा मूल गावाच्या पलीकडे, जंगलाला लागून. आज मधल्या सुट्टीत माझ्या दुसरीच्या पोरांनी शाळेमागे कोंबडबाजार भरवला. दोन पोरं झुंजीचे कोंबडे झाली होती. बाकीची गोल करून ओरडत होती, चिंचोके पैजेवर लावत होती.

मी पोचले तेव्हा एकाची पोटरी फाटली होती. दुसऱ्यानं स्वतःच्या पायाला सुतळीनं शार्पनरचं पातं बांधलं होतं, कोंबड्याच्या पायाला काती बांधतात तसं.

मी जखमेवर ओढणी बांधत होते, तर ते पोरगं हिसका देऊन पुन्हा लाथ मारायला धावलं. "सोडा ना बाई, मी हारलो नाई. हारला त्याले कापून खातेत."

पातंवाल्याला विचारलं, "कुठी शिकला रे हे?"

"बाबा खांद्यावर बसवून नेतेत ना. मामा काती बांधते, दादा मोबाइलवर शूटिंग काढते."

मी सुतळी कापून टेबलावर ठेवली आणि त्याच्या बाबांना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या पोराच्या कानाखाली अशी वाजवली की ते भिंतीवर आदळलं. मग त्यांनी सुतळी उचलून गाठ निरखली.

"तूच बांधली?"

"हो."

"पक्की बांधली पोट्ट्यानं," ते मला म्हणाले आणि हसले.

सुजल्या गालानं पोरगंही हसलं. वर्षभर मी त्याला शाबासकी देते आहे, असं ते कधी हसलं नाही.

उद्या मी त्याला काय शिकवू?