इनासने चालायलाच हवं होतं

आरोंद्याच्या इनासचा उजवा पाय तो दोन वर्षांचा असताना तापात गेला. पुढची साठ वर्षं त्याने एका कुबडीवर काढली, आणि रडगाणं न गाता काढली. हातमशीनवर शाळेचे युनिफॉर्म शिवले. खाडीपलीकडे गोव्यातल्या एका मास्तरांकडे व्हायोलिन शिकला. मे महिन्यात वाडीतल्या खुरसासमोर, म्हणजे क्रुसासमोर, लादीन असायचं, सगळे जमून प्रार्थना गायचे, तेव्हा व्हायोलिन इनासचंच. एरवी ‘लंगडो इनास’ म्हणणारे त्या संध्याकाळी त्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेवायचे. त्या खुर्चीसाठी तो वर्षभर जगायचा म्हणा ना.

त्याची पुतणी जॅनेट शाळेत टीचर. तिने मुलांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहिली: शेकडो वर्षांपूर्वी किल्ल्यावर राहणाऱ्या एका लंगड्या मुलाची. काखेत कुबडी कशी घासते, उतारावर तोल कसा जातो, सगळं तिने काकालाच विचारून घेतलं होतं. ते सगळं खरं उतरलं होतं. पण शेवटी शत्रूची गलबतं येतात आणि हा मुलगा जिद्दीच्या जोरावर कुबडी फेकून एकटाच बुरूज चढतो.

“शेवटाक तेका चलयलंस कित्याक गो?” इनासने विचारलं.

“तो लंगडोच ऱ्हवलो तर पोरां पुस्तक वाचतली काय?” जॅनेट म्हणाली.

इनासने मशीनवरचं कापड पुढे सरकवलं. घरातल्या शिकलेल्या माणसापुढे तोंड उघडायची त्याला सवय नव्हती.

जॅनेटने ते पुस्तक वर्गात वाचून दाखवलं. मुलं अक्षरशः पेटली.

लादीनाच्या संध्याकाळी इनास इस्त्रीचा शर्ट घालून, व्हायोलिन पाठीला अडकवून तयार झाला, तर दाराआडची कुबडी गायब. वाडी रिकामी, सगळे पुढे गेलेले. अंगणात जॅनेटच्या वर्गातली शेजारची ग्लेनिशा आणि चार-पाच पोरं डोळे चमकवत उभी.

“माजी कुबडी खंय आसा गो?”

“खाडयेत सोडली. व्हावान गेली पण. आता तुमी चलतलास, अंकल!”

“कोणाक तरी हाक मार गो, बाय.”

“नाय! पुस्तकात तो एकटोच गेलो.”

या पोरीच्या मनात पाप असतं तर बरं झालं असतं, तिला दोन शिव्या तरी हासडता आल्या असत्या. तिचा जीव होता त्याच्यावर. इनास झाडूच्या दांड्यावर उभा राहिला, पण दांडा पायरीवरच मोडला. मग तो हातांवर निघाला. खुरसाकडे जाणारी जांभ्या दगडाची पाखाडी दिवसभर तापलेली. पोरं बाजूने चालत ओरडत होती, “उठा अंकल, उठा!” एकदा तो त्यांच्यासाठी म्हणून उठलाही, आणि तोंडावर आपटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

खुरसाकडे पोचला तेव्हा मोठ्यांनीही टाळ्याच वाजवल्या. स्टॅनली लादीनाचा कारभारी, त्याने आधी मोबाइलवर व्हिडिओ काढला, मग इनासला उचलून खुर्चीत बसवलं. निर्लज्ज मेला. इनासने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, पण बोटांची सालं निघाली होती. तार दाबली की जीव कळवळायचा, आणि सूर निघायचा तो फुटकाच.

“ऱ्हवांदे आज,” स्टॅनली म्हणाला. “तसांच गावया.”

आणि ते तसंच गायले. चांगलं गायले, हेच वाईट झालं. कोणाचं काही अडलं नाही.

लादीन संपल्यावर उकडलेले चणे वाटत होते. ग्लेनिशा हिरमुसून जॅनेटकडे आली.

“टीचर, अंकलान जिद्दच केली नाय.”

इनास पुतणीच्या तोंडाकडे बघत राहिला. मी पुस्तकात खोटं लिहिलं, एवढंच तिने म्हणायचं होतं. जॅनेटने त्याच्या हातांकडे पाहिलं, नजर काढून घेतली आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

“करतले गो, बाय,” ती म्हणाली. “फुडल्या वर्षी करतले.”