नंदाच्या मुंग्या आणि कुजकी चौकट

१९७८च्या जूनमध्ये, कॅनडातल्या बर्नाबीच्या एका भाड्याच्या बेसमेंटमध्ये, माझ्या दहा वर्षांच्या बहिणीवर, नंदावर, अन्याय झाला. आज भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं वाटताना एकाच्या दारात त्या बेसमेंटमधल्या कुजक्या लाकडाचा तोच वास आला.

नंदाने प्लॅस्टरचं घर करून, वर काच बसवून, सुतारमुंग्यांची राणी पाळली होती. पहिल्या चिमुकल्या कामकरी मुंग्या नुकत्याच निघाल्या होत्या.

घरमालकाने ते पाहिलं. "लाकूड पोखरणाऱ्या मुंग्या तुम्हीच आणल्यात," तो इंग्रजीत म्हणाला. त्याच्या खांद्यामागे खिडकीची गळकी चौकट भुसभुशीत झाली होती आणि तिच्यातून मोठाल्या मुंग्या खुशाल ये-जा करत होत्या.

"सॉरी, सर," म्हणत बाबांनी उकळती किटली उचलली.

"बाबा, डोन्ट. दे आर जस्ट बेबीज," नंदा म्हणाली.

"गप गं. राहतं घर जाईल."

बाबांनी प्लॅस्टरच्या घरात पाणी ओतलं. राणी काचेखाली वळवळली आणि थांबली. किटलीत उरलेल्या पाण्याचा बाबांनी घरमालकाला चहा करून दिला. तो प्यायला. तेव्हा मला त्या मेलेल्या मुंग्यांची किळस आली होती. आता त्या चहाची येते.

सुतारमुंग्या ओलं लाकूड शोधत येतात, आणि ती ओल घरमालकाने न बुजवलेल्या गळतीची असते. आजच आपल्या खिडकीची चौकट अंगठ्याने दाबा. अंगठा आत गेला, तर माफी मागू नका. दुरुस्ती मागा.