कानातली बाई

माझ्या सासूबाईंनी उभ्या जन्मात एकाच बाईचा मनापासून मत्सर केला, आणि तोही तिचं तोंड न पाहता. ती बाई माझ्या सासऱ्यांच्या कानात राहायची.

सासूबाईंचं नाव कौसाबाई. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना जिजी म्हणतात. तापीकाठच्या प्रकाशा गावात आमचं घर, पपईची आणि केळीची शेती. मी रुचिका, घरातली सून, शहाद्याच्या शाळेत शिकवते. माझा नवरा हेमकांत शहाद्यातच नोकरीला. आणि सासरे म्हणजे आप्पा. त्यांचं खरं नाव छगन. पण हे नाव जिजींच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही जुनी रीत, आणि जिजींनी ती हट्टाने पाळली होती. बँकेत पूर्ण नाव विचारलं की त्या काही न बोलता आधार कार्ड पुढे करायच्या. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हाही नुसते ओठ हलवले होते, असं शेजारच्या तुळशीबाई अजून सांगतात. घरात हाक एकच, "अय हेमकांतना बाप!"

आप्पांना यंत्रांचं वेड. बाजारात नवीन काही आलं की ते आमच्या घरात आलंच पाहिजे. आधी रेडिओ, मग अक्कलकुव्याच्या जेठमलशेठच्या दुकानातून आणलेला टेप, मग टीव्ही, मग ते भिंतीला लावायचे उंच स्पीकर, ज्यांच्यावर आता आमची मांजर झोपते. जिजींनी या सगळ्यांशी उभा दावा मांडला आणि एकेकाला चीत केलं. त्यांचं हत्यार एकच, गरम भाकरी. संध्याकाळी आप्पा चुलीजवळ पाटावर बसायचे. जिजी दादर ज्वारीची भाकरी थापता थापता गल्लीतल्या सगळ्या बातम्या सांगायच्या आणि आप्पा दर दोन घासांमागे "हां" म्हणायचे. त्या "हां"मध्ये काहीच नसायचं, पण तो जिजींचा हक्काचा होता. रेडिओला, टीव्हीला आप्पा कधी "हां" म्हणाले नाहीत.

मग एका दिवाळीला हेमकांतने वडिलांना कानात घालायची ती बिनवायरची बोंडं आणून दिली. मला तेव्हाच वाटलं होतं की हे काही बरं होणार नाही. माझ्या स्वतःच्या नवऱ्याला मी एकदा हाक मारून कधी उत्तर मिळालेलं नाही, तर बापाचे कान बुजवायची ही हौस कशाला? पण आमच्या घरातल्या पुरुषांना यंत्राचं खोकं उघडताना बायकोचं बोलणं ऐकू येत नाही.

आप्पांना त्या बोंडांत एक पॉडकास्ट सापडला. 'फाल्गुनीचं ताट'. खानदेशातलं खाणं, कोण कसं रांधतं, कुठल्या गावात कसली चव. बोलणारी फाल्गुनी म्हणजे त्याच जेठमलशेठची नात, अक्कलकुव्यात वाढलेली, आता पुण्यात नोकरी करणारी. आवाज असा, की गूळ नुकताच पातळ झालाय. हे माझं मत. जिजींचं मत वेगळं होतं.

"पहिले आज्यानी टेप दिना, आते नात कानमा बठनी!"

आप्पा आता जेवतानाही बोंडं काढेनात. जिजी बातम्या सांगायच्या आणि आप्पा हसायचे, पण भलत्याच ठिकाणी. तुळशीबाईची म्हैस मेली, असं जिजींनी सांगितलं आणि आप्पा खुदकन हसले, तेव्हा जिजींचा हात परातीतच थांबला. "हां" तर बंदच झाला होता. नाही म्हणायला, तो कधीमधी यायचा, पण चेहऱ्यावरून कळायचं की तो फाल्गुनीला आहे.

इथवर जिजींनी सोसलं असतं. पण एका संध्याकाळी आप्पा भरीत खाता खाता म्हणाले, "फाल्गुनीबेन म्हनस, वांगं तूरकाठीवर भाजानं."

जिजींनी जन्मभर तूरकाठीवरच वांगी भाजली होती. त्यांच्या भरतासाठी शहाद्याहून माणसं यायची. त्या उठून उभ्या राहिल्या. "इतला वरीस मी काय माती रांधी का? आन ती जैननी पोर! ती वांगं खास तरी का? तिले वांगानी काय खबर?"

आप्पांनी बोट वर केलं. म्हणजे थांब, ऐकू दे.

त्या दिवसापासून जिजी जळायला लागल्या, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मला एकटीला गाठून विचारलं, "दिसाले कशी शे ती?" मी फोनवर तिचं पान उघडून दाखवलं. तिथे फोटो होता तो शेवभाजीच्या ताटाचा. जिजींनी ते ताट बराच वेळ निरखलं आणि "तर्री पातळ शे," असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी आप्पांची बोंडं हरवली. घर उलथंपालथं झालं. शेवटी ती दादरच्या कोठीत सापडली आणि जिजी म्हणाल्या, उंदरांनी नेली असतील. असले शौकीन उंदीर आमच्या घरात आधी कधी नव्हते.

मग तो दिवस आला. आप्पा चुलीजवळ आले ते फोन हातात उंच धरून. बोंडं काढलेली, आवाज मोठा केलेला. "ऐका रे बठा जन!" आणि फोनमधून तो गुळाचा आवाज आला, "प्रकाशाहून छगनभाऊ मला नेहमी व्हॉइस मेसेज पाठवतात. छगनभाऊ, तुमच्यासारखा ऐकणारा मिळायला भाग्य लागतं."

आप्पांचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा फुलला. मी जिजींकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धुराचं नव्हतं. जे नाव त्यांनी स्वतः ओठांबाहेर येऊ दिलं नाही, ते एका परक्या पोरीने सगळ्या जगाला ऐकवलं होतं. वर 'ऐकणारा'! ज्याने घरात महिनोन् महिने एक शब्द ऐकला नव्हता, तो! मला खरंच राग आला. जिजींनी तव्यावरची भाकरी करपू दिली आणि तीच आप्पांना वाढली. आप्पांनी ती न बघता खाल्ली.

यानंतर आप्पांनी कळस केला. फाल्गुनीला आखाजीला घरी बोलावलं. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे खापरावरची पुरणपोळी होते. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत ताणायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. जिजींच्या हातची पोळी धोतरासारखी पातळ होते. फाल्गुनीला ते सगळं बोलणं आणि आवाज टिपायचे होते. जिजी एवढंच म्हणाल्या, "येऊ द्या. भर दुपारी नको. ऊन उतरावर या म्हना."

मला वाटलं, निवळल्या. मी किती भोळी!

फाल्गुनी आली. सडपातळ, चष्मा, एक वेणी, पाठीला पिशवी. वाकून पाया पडली. जिजींनी जी कुणी कल्पिली होती ती ही नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. पण इतक्या दिवसांचा राग एका नमस्काराने थोडाच जातो? जिजी कामाला लागल्या. आणि काय तो उशीर! स्वच्छ खापर पुन्हा धुतलं. चाळलेली कणीक पुन्हा कपड्यातून चाळली. पुरणाचं यंत्र असताना पुरण पाट्यावर घेतलं आणि वरवंटा असा फिरवला, जणू चंदन उगाळताहेत. फाल्गुनी बिचारी खूश. वरवंट्याचा आवाज काय छान येतोय म्हणून माईक खाली धरून बसली.

ऊन ओट्यावरून सरकलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फाल्गुनीच्या घरी सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, पाणीही घेत नाहीत. जेठमलशेठ संध्याकाळी दुकान पोराकडे देऊन उजेड असेतो जेवायला घरी पळायचे, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. जिजींनाही. दिवस बुडेपर्यंत पोळी खापरावर पडूच द्यायची नाही आणि त्या पोरीला आपल्या हातची चव न देता वाटेला लावायची, असा हा बेत होता. आखाजीच्या दिवशी! मी डोळ्यांनी खूण केली. जिजींनी पदर सावरला आणि चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं.

फाल्गुनीने माईक पुढे केला. "जिजी, घरात पहिली पोळी कुणाला असते?"

जिजी कणीक पुन्हा मळायला लागल्या.

"छगनभाऊंनाच ना? छगनभाऊ म्हणत होते..."

"ए पोरी!" जिजींचा आवाज असा चढला की मांजर स्पीकरवरून खाली उडाली. "छगन छगन करू नको! छगन मन्हा नवरा शे. छगन म्हनाना हक शे ते मन्हा शे. मी सुदिक कधी छगन म्हनीसन त्यासनं नाव लिनं नही!"

आणि मग त्यांनी स्वतःच ते ऐकलं. दोन्ही पिठाळ हात तोंडावर गेले. दारात आप्पा उभे होते. कानांत बोंडं नव्हती. सत्तरीचा माणूस कानाच्या पाळीपर्यंत लाल झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

फाल्गुनीने हळूच माईक खाली ठेवला. "चुकलं माझं, जिजी. हे मी काढून टाकेन." तिने दाराबाहेर पाहिलं. ऊन तापीपलीकडच्या झाडांवर टेकलं होतं. तिने पिशवीतून बाटली काढली, होतं तेवढं पाणी पिऊन घेतलं आणि झाकण लावलं. "पोळीचं राहू द्या आता. मला आवाज मिळाले, पुष्कळ झालं." तक्रार नाही, टोमणा नाही. घरी आलेली लेक बोलावी तशी बोलली.

जिजी त्या बाटलीकडे बघत राहिल्या. मग एकदम, "माय वं! पोर मन्हा दारथाईन भूकी जाई ऱ्हायनी!" त्यांनी लाकूड चुलीत असं लोटलं की ठिणग्या उडाल्या. गोळा भरला, हातांवर घेतला, मनगट, कोपर, पुन्हा मनगट. पोळी हवेतच मोठी होत गेली आणि खापरावर पडली. मला तूप आणायला पिटाळलं, आप्पांना रस आणायला. आप्पा पळाले! आणि या घरातली पहिली पोळी, जी आप्पांशिवाय कुणाच्या पानात पडली नव्हती, ती फाल्गुनीच्या पानात पडली. "खा, लवकर खा," म्हणत जिजी तिच्यासमोर बसून राहिल्या, आणि दर घासाला मान वळवून उन्हाकडे बघत राहिल्या, जणू ते त्यांनीच धरून ठेवलं होतं. पोरीचा शेवटचा घास उजेडात गेला.

निघताना फाल्गुनीने पुन्हा विचारलं, "ते बोलणं काढू ना मी?"

जिजी पदराआड. उत्तर आप्पांनी दिलं, "ऱ्हाऊ दे. काढू नको."

भाग आला. गावभर झाला. तुळशीबाईंनी जिजींना चिडवून नको केलं. जिजींना वाटलं, आता तरी बोंडं सुटतील. पण झालं उलटंच. आप्पा आता सकाळी ओट्यावर, दुपारी केळीत, संध्याकाळी पाटावर, कानांत बोंडं घालून बसलेले. डोळे मिटलेले, ओठांवर हसू. बोट फोनवर, तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकत. जिजी पुन्हा जळायला लागल्या.

परवा दिवेलागणीला जिजींनी हाक मारली, "अय हेमकांतना बाप, जेवाले चाला." पुन्हा मारली. आप्पांनी बोट वर केलं. जिजी हातातलं पीठही न झटकता ओट्यावर गेल्या. मी मागोमाग. त्यांनी आप्पांच्या एका कानातलं बोंड उपटलं. "देखू दे आज काय सांगी ऱ्हायनी तुमनी फाल्गुनी!" आणि ते स्वतःच्या कानात घातलं.

जिजींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आत फाल्गुनी नव्हतीच. आत एक बाई ओरडत होती, छगन मन्हा नवरा शे. आप्पांनी तुकडा मागे नेला, बाई पुन्हा ओरडली. जिजी ऐकत उभ्या राहिल्या आणि मला दिसलं, त्यांना त्या बाईचाही राग आला. तीच ती, जी एकदा बोलून मोकळी झाली होती आणि आता रोज आप्पांच्या कानात बसून तेवढ्यावर त्यांचं सगळं लक्ष लाटत होती.

त्यांनी आप्पांच्या दुसऱ्या कानातलं बोंड काढलं. दोन्ही बोंडं मुठीत घेतली. इकडेतिकडे पाहिलं. मी खांबामागे झाले. मग त्या वाकल्या आणि त्या रिकाम्या कानाशी हळू म्हणाल्या, "छगन. भाकर थंडी व्हयी ऱ्हायनी."

आप्पांनी डोळे उघडले.

"हां," म्हणाले.