आईच्या पदराला राहिलेली गाठ

माया, लातूरच्या स्टँडवरून मी पुण्याच्या गाडीत बसले तो दिवस तुला आठवतो का? मला अलीकडे रोज आठवतो. नोकरी लागली म्हणून मी निघाले होते. बाबा खिडकीशी सूचना देत होते, तू रडकुंडीला आली होतीस आणि आई पदराची गाठ चाचपत होती. काही विसरू नये म्हणून बायका पदराला गाठ मारतात. आपल्या आईच्या पदराला एका वेळी तीन-तीन असायच्या आणि कुठली गाठ कशाची, हेच ती विसरायची. आपण किती हसायचो तिला!

"काय तरी हाय बघ गं ह्या गाठीत. आठवंना गेलंय. थांब जरा," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "एक काम धड व्हईना हिच्यानं." गाडी सुरू झाली आणि मीही खिडकीतून खेकसले, "आई, एवढं साधं कसं गं लक्षात राहत नाही तुझ्या?" घर सोडताना मी तिच्याशी बोललेलं हे शेवटचं वाक्य.

ती गाठ मला द्यायच्या चटणीच्या डब्याची होती आणि डबा तिच्या पायाशीच पिशवीत होता, हे तू मला थेट तिच्या तेराव्याला सांगितलंस. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर तिला आठवलं म्हणे. तो डबा तिनं परत घरी नेला आणि महिनाभर कुणाला हात लावू दिला नाही.

इथं महाळुंग्याच्या कंपनीत मी वायरिंगच्या लाइनवर लागले, पुढं इन्स्पेक्शनला गेले. लग्न झालं, पिंपळे गुरवला फ्लॅट घेतला, सई झाली. गावाला वाटायचं, पोरीनं नाव काढलं. पण माया, मी तिचीच लेक. गॅसवर दूध ठेवून खाली भाजी आणायला जायचे. किल्ली फ्रीजमध्ये सापडायची. कंपनीत मन लावून शिफ्ट करायचे आणि घरी आले की पलंगावरून उठवत नसे. छातीत सारखी धडधड. नवरा वाईट नाही, पण म्हणायचा, "जरा मनावर घे ना." मनावरच तर घेत होते. आणि एक दिवस स्कूलबस दाराशी उभी असताना सईचं आयकार्ड मला सापडेना, तेव्हा आठ वर्षांची पोर म्हणाली, "आई, एवढं साधं पण तुझ्या लक्षात राहत नाही?" बस गेल्यावर मी जिन्यातच बसले. शेजारच्या ताईंनी हाताला धरून घरात नेलं.

त्यानंतर डॉक्टरांकडे गेले, गोळ्या सुरू झाल्या. तुला फोनवर पाठीच्या दुखण्याचं सांगितलं, ते खोटं होतं. दर शनिवारी संत तुकाराम नगरला एका समुपदेशक बाईंकडे जाते. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न ठरणं, हे मला लहानपणापासूनच आहे म्हणे. चिंता आणि नैराश्य त्यावर साचत गेलं. बाईंनी एकदा विचारलं, "तुमच्या लाइनवर एकच चूक पुन्हा पुन्हा झाली तर काय करता?"

"पार्ट ज्या साच्यात बसतो ते फिक्श्चरच बदलतो. पार्ट उलटा बसणारच नाही असं करतो."

"चूक करणाऱ्या मुलीला ओरडत नाही?"

"ओरडून पार्ट सुलटा बसत नाही, मॅडम," मी म्हणाले आणि मला हुंदकाच फुटला. बारा वर्षं हे काम करतेय, पण घरच्या बाईला हा नियम लागू असतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. मला नाही आणि आईला तर नाहीच.

आता दाराशी किल्लीला खिळा आहे, आयकार्ड रात्रीच दप्तराला अडकवतो. दूध ठेवलं की मी ओट्यापासून हलत नाही. बाईंना मी गाठींचं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे पुष्कळदा घराण्यात चालत येतं, पण न पाहिलेल्या माणसाबद्दल ठाम कसं सांगू? मग म्हणाल्या, "गाठ मारायचं त्यांना कुणी शिकवलं नसेल. स्वतःच स्वतःचा इलाज करत होत्या त्या."

टाळत आलेलं एक काम थोडं थोडं करायचं, असा गृहपाठ असतो. मी आईची जांभळी साडी निवडली. तेराव्यानंतर न धुताच घड्या घालून आपण वाटून घेतलेल्यांतली. तीन वर्षं मी ती बघू शकले नव्हते. पहिल्या दिवशी नुसतं कपाट उघडलं. दुसऱ्या दिवशी साडीवर हात ठेवला. तिसऱ्या दिवशी घडी मोडली, तर पदराला एक गाठ.

कशाची असेल गं? तुला माहीत असलं तरी सांगू नकोस. मी ती सोडवणार नाहीये. बाबाही गेले, गावाकडचं घर आता बंद असतं, किल्ली तुझ्याकडे. मला विचारशील तर माझं माहेर आता या गाठीएवढं उरलंय.

सई परवा दारात चपला घालून उभी होती आणि मी काय विसरले ते आठवत होते. ती घड्याळाकडे बघत म्हणाली, "आठव सावकाश, मी थांबते." माया, त्या दिवशी स्टँडवर कंडक्टर गाडीच्या दारातच उभा होता. मी दोन मिनिटं थांबा म्हणाले असते, तर तो थांबला असता.