सुतकात आलेली बाटली

हा अनुभव लिहू नये, असंच मला बरीच वर्षं वाटत आलं. अशा लेखांत शेवटी देव येतो. माझ्याकडे भरदुपारी एक बाई आली, आणि तीही उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती.

मी धुळ्यात भूल देणारी डॉक्टर होते. ऑपरेशनच्या टेबलाशी माझा अर्धा जन्म गेला. ज्यांच्यावर ऑपरेशन करून उपयोग नाही, अशा माणसांना "घरी न्या, सेवा करा" म्हणून परत पाठवताना मी रोज पाहायची. सेवा म्हणजे काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नसे. म्हणून नव्वद सालाच्या आसपास आग्रा रोडलगतच्या एका बंद कापूस-जिनिंगच्या कचेरीतल्या तीन खोल्या भाड्याने घेतल्या आणि कर्करोगाच्या शेवटच्या दिवसांतल्या माणसांसाठी काही खाटा टाकल्या. उद्घाटनाला पुढारी आले, नारळ फुटला, संगमरवरी पाटी लागली. पुढाऱ्यांनी खाटेखाटेशी थांबून "लवकर बरे व्हा" असा आशीर्वाद दिला. ते गेल्यावर एका म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं, "बाई, यास्ले कोनी सांगं नही का?"

आमचं सगळं काम एका कडू पातळ औषधावर चालायचं. मॉर्फिन. ते अफूपासून होतं, त्यामुळे त्याला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जावं लागतं. एवढी अफू तुम्हाला कशाला हवी, असं एका साहेबांनी मला विचारलं होतं. दुखतं म्हणून, असं मी सांगितलं. त्यांना ते कारण अपुरं वाटलं असावं. त्या उन्हाळ्यात परवान्याचं नूतनीकरण अडकलं आणि औषध संपलं. इंजेक्शनंही संपली.

तेव्हा आमच्याकडे सोनगीरचे एक तांबट होते. सगळे त्यांना नाना म्हणत. हंडे-घागरी ठोकून ठोकून कान गेलेले, आणि आता जबड्यात कर्करोग. साध्या गोळ्यांनी काही होत नव्हतं. दुखणं चढलं की ते खाटेची पट्टी मुठीत आवळून धरत. त्यांची मुलगी सुरतेला दिलेली. ती त्या दिवशी संध्याकाळी येणार होती. नानांना तिला भेटायचं होतं आणि भेटायचं नव्हतंही. आदल्या दिवशी त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, "मन्ही पोरले आसं दखाडू नका." बाप गुरासारखा ओरडतोय हे तिच्या डोळ्यांत शेवटचं राहू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि ज्या जागेची पाटी मी लावू दिली, त्या जागेत मला तेवढंही पुरं करता येत नव्हतं.

दुपारी मी अंगणात जाऊन पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिले. प्रार्थना म्हणावी असं मी काही केलं नाही. वाचलेलं पुष्कळ होतं, पाठही होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. हात टेकले, एवढंच. माझ्याच्याने होत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात पुरं वाक्य म्हणाले.

फाटकाबाहेर निंबाखाली एक बाई उभी होती. ओळखायला वेळ लागला, कारण कपाळ मोकळं होतं. नरडाण्याकडच्या सुपडू आबांची बायको, हिरकणबाई. आबा महिनाभर आमच्याकडे राहून, औषधाची बाटली घेऊन घरी गेले होते. ते वारल्याचा निरोप मला चारच दिवसांपूर्वी मिळाला होता. सुतक फिटलेलं नसताना आमच्याकडे कोणी दुसऱ्याच्या दारी जात नाही, आणि ही एसटीने एकटी आली होती. आत या म्हटलं तर मान हलवली. पदराखालून बाटली काढून तिने ती फाटकाच्या दगडावर ठेवली. सुतकात हाताला हात लागू नये म्हणून.

"गावन्या बाया म्हने, आजारीनं बठ्ठं नदीत फेकी द्या. बठ्ठं फेकं. हाई फेकाले हात व्हयना नही. कोनले तरी दुखत व्हई."

बाकी सगळं फेकलं होतं, एवढी बाटली राखली होती. मी ती उचलली. ती जड होती.

मी ती स्वतः गळ्यापर्यंत भरून दिली होती. लेबलावर अक्षर माझंच होतं. आणि ती अजून जवळपास गळ्यापर्यंत भरलेलीच होती. म्हणजे काय, हे मला तिथेच कळलं. पण विचारायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. मी आत धावले. दिलेलं औषध परत घेणं कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

तासाभरात नानांची मूठ सुटली. मुलगी आली तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. तिला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "सुरतना पाणीनी तुले जाडी करी दिधी." ती हसली आणि मग रडली, ते बरोबर क्रमाने झालं. पुढचे जे थोडे दिवस होते, ते त्या बाटलीवर निघाले. नाना झोपेत गेले. परवाना त्यानंतर आला.

नंतर कितीतरी जणांनी मला सांगितलं, की हा देवाचा हात. मी वाद घालत नाही. त्या दुपारी मी हात टेकले आणि दारात बाटली आली, हे खरं आहे. पण ती बाटली भरलेली होती म्हणूनच आली, हेही तितकंच खरं आहे. आणि एकासाठी कृतज्ञ व्हावं तर दुसरं आठवतं.

आबांचं तेरावं झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. हिरकणबाईंनी घोंगडी टाकली. मी विचारण्याआधी त्यांनीच सांगितलं. आबा औषध घ्यायला तयार नसत. बायको चमचा घेऊन गेली की म्हणत, "राहू दे, उद्या जास्ती दुखी तवय लागी." आयुष्यभर चांगले दाणे बियाण्याला राखून ठेवणारा माणूस. त्याने औषधही तसंच राखलं. मोठं दुखणं पुढे आहे, असं धरून तो रोजचं सोसत राहिला. वेळ झाली की घ्यायचं, दुखायची वाट पाहायची नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. पण घाईत, निघताना, गाडीशी उभी राहून. पुस्तकी वाक्य होतं ते. ऐकणारा काय ऐकतोय, ते मी पाहिलं नाही.

"कोनले कामे पडनी का मंग?" त्यांनी विचारलं.

मी नानांचं सांगितलं. मुलीचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "मंग यासनीबी लेवाले पाहिजे व्हती ना? इतलं दुखं नसतं."

मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलू नये, हे मी शिकले होते. मागे राहिलेल्यांशी काय बोलावं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी हो म्हणाले. आणि ते समजावून सांगणं माझं काम होतं, तुमचं नव्हे, असंही म्हणाले.

 त्या उठून चुलीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच बोलल्या.

"आते ज्याले दवाई देशात, त्याले यासनं सांगा. नाव लिसन सांगा. माले लेता येस नही, तुम्हीन ल्या."

नामस्मरणावर मी पूर्वी बरीच थट्टा केलेली आहे. त्यानंतर मात्र शिरपूरपासून बोदवडपर्यंत ज्या ज्या घरात बाटली घेऊन गेले, तिथे आधी जमिनीवर बसले, आणि पहिला चमचा भरण्यापूर्वी सुपडू आबांचं नाव घेऊन त्यांची गोष्ट सांगितली. मग आजारी माणूस तोंड उघडतो.