विलायतेपासून सुरू होणारा इतिहास

मिल बंद पडली तेव्हा मी इंदूरच्या एका कॉलेजात जगाचा इतिहास शिकवत होते. बाबा त्याच मिलमध्ये बाबू होते. आता ते दिवसभर घरी असायचे. संध्याकाळी मी लेक्चरची तयारी करायला बसले की समोर खुर्ची ओढून म्हणायचे, "बेटा, तू नेहमी विलायतेपासूनच सुरू करतेस. त्यांच्या मशीनच्या आधी दुनिया काय उघडी फिरत होती? कपडा तर आपल्याकडूनच जायचा न."

"सिलॅबस असाच आहे, बाबा." नोकरी गेल्याचा राग बोलतोय, असं मला वाटायचं.

त्या हिवाळ्यात कॉलेजात एक इंग्रज पाहुणे आले. निवृत्त शिक्षक होते. प्राचार्यांनी त्यांना माझ्या वर्गात बसवलं. मी औद्योगिक क्रांती शिकवत होते, नेहमीपेक्षा जरा ताठ आवाजात. इंग्लंडनं यंत्रं शोधली आणि उरलेलं जग मागून चालू लागलं, असा माझा एकंदर सूर होता.

त्यांना मिल बघायची होती, म्हणून दुपारी मी बाबांनाही बरोबर घेतलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. फाटकाला कुलूप होतं. चौकीदारानं बाबांना नमस्कार केला, पण आत कोणालाच सोडता येणार नाही म्हणाला. परक्या माणसापुढे बाबांचा चेहरा उतरला. मी दुसरीकडे बघितलं.

"आमच्या गावच्या गिरण्याही अशाच बंद झाल्या," पाहुणे म्हणाले. "म्हातारे म्हणायचे, हिंदुस्थानच्या कापडानं आम्हाला बुडवलं."

मी भाषांतर केलं. बाबा हसले. "त्यांना सांग, आमचे म्हातारे विलायती कपड्याबद्दल अगदी हेच म्हणायचे."

परतताना कृष्णपुऱ्यात राजघराण्याच्या दगडी छत्र्यांपाशी चहाला थांबलो. बाबा ओळखीच्या दुकानदाराशी बोलायला गेले, तेव्हा पाहुणे मला म्हणाले, "सकाळी तुम्ही गोष्ट माझ्या देशापासून सुरू केलीत. तुमचं छापील कापड आमच्याकडे इतकं खपायचं, की कायद्यानं बंदी आणावी लागली. आमच्या कारागिरांनी त्याची नक्कल करतच धंदा वाढवला. तुम्ही तिथून का सुरू करत नाही?"

मी भारावून गेले. घरी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. बंदीचा कायदा, नक्कल, इतिहास उलट्या टोकानं कसा वाचायला हवा, सगळं. मध्येच आईनं वाढायचं थांबवून माझ्याकडे बघितलं, तरी मला कळलं नाही.

बाबांनी ऐकून घेतलं. मग ताकाची वाटी खाली ठेवत म्हणाले, "मतलब, त्यांनी सांगितलं तेव्हा पटलं."

आवाजात राग नव्हता. तो असता तर मला वाद घालता आला असता. युरोपच्या नजरेनं बघू नये, हेसुद्धा मी युरोपच्याच तोंडून ऐकल्यावर मानलं होतं.

पुढच्या सत्रात मी धडा आपल्याकडच्या बाघ गावच्या ठशांच्या कापडापासून सुरू केला. घरून एक जुनी चादर नेली, बाकावर पसरली. मुलं वाकून बघत होती. तास चांगला चालला होता. शेवटी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण एक्झाममध्ये कुठून लिहायचं?"

"पुस्तकात आहे तसं," मी म्हणाले आणि चादरीची घडी घालायला लागले.

संध्याकाळी बाबांनी उत्सुकतेनं विचारलं, आज कसं झालं. मी म्हणाले, मुलांना आवडलं. त्या मुलीचा प्रश्न मी त्यांना सांगितला नाही, आणि माझं उत्तर तर नाहीच.